मफलर वाळेना

टक्!

कपावर बशी पालथी पडल्याचा आवाज. एरवी तो कुणाला ऐकूही आला नसता. पण चहाच्या मळ्यातल्या त्या बंगल्याच्या जेवणघरात इतकी शांतता होती, की खिडकीच्या काचेवरून धुकं घसरलं असतं तरी त्याची चाहूल लागली असती. टेबलाभोवतीची तिघंही चपापली. सासूबाई मात्र काहीच घडलं नाही अशा बसून राहिल्या. कपात वाफाळता चहा, कपावर पालथी बशी. विषय संपला!

"आई, घोटभर तरी घ्या," सूनबाई म्हणाली.

"नको गं. तुम्ही घ्या."

"अहो, हा आपल्या डब्यातला चहा नाहीये! ते बघा, खिडकीबाहेर झुडपं दिसतायत ना, त्यांचा आहे!"

सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर झुडपं नव्हती, डोंगर नव्हता, अंगणसुद्धा नव्हतं. होतं ते फक्त धुकं. कुणीतरी जगाला पांढरी खोळ घालून ठेवली होती.

"मला काही दिसत नाही बाई," त्या म्हणाल्या आणि तेही खरंच होतं.

नवरोबांनी बायकोकडे हळूच एक नजर टाकली. त्या नजरेत पैज होती.

पैज घरी लागली होती, निघायच्या आधी. आणि ती लावणारी सूनबाईच! कमरेवर हात ठेवून, भर स्वयंपाकघरात ती म्हणाली होती, "आईंना मी चहा पाजून दाखवते! नाही पाजला, तर मीही जन्मभर चहा सोडते!"

"असलं काही बोलू नकोस," नवरोबा घाबरून म्हणाले होते. "तू चहा सोडलास तर मला घर सोडावं लागेल."

त्याचं असं झालं होतं, की गेल्या हिवाळ्यात सासरे गेले. सासरे घड्याळजी होते. दुसऱ्यांची घड्याळं सेकंदाला सेकंद जुळवून देणारा हा माणूस स्वतः मात्र सगळं निवांत करायचा. घरातला सकाळचा चहा त्यांच्याकडे असे. लग्न झाल्यापासून तो त्यांनीच केला, आणि लग्न झाल्यापासून तो बिघडलाच. ते हटकून साखर विसरायचे. सासूबाई पहिला घोट घेत आणि घरभर ऐकू जाईल असं म्हणत, "साखर!" त्यावर सासरे आतून शांतपणे उत्तर देत, "ढवळून बघ. तळाशी असेल." तळाशी काही नसायचंच. पण हा संवाद झाल्याशिवाय त्या घरात उजाडत नसे.

ते गेले आणि सासूबाईंनी चहा सोडला. गाजावाजा नाही, रडारड नाही. कप पुढे आला की त्यावर बशी. टक्! हळूहळू चहासोबतची बिस्किटं सुटली, मग नाश्ता सुटला, मग दुपारच्या पानातलं निम्मं पानातच राहू लागलं. चोळ्यांचे हात सैल झाले, बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. डॉक्टर म्हणाले, "शरीराला काही नाही. मन रमवा." आणि मन रमवायला त्यांनी शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या!

सूनबाईनं गोळ्या फडताळात ठेवल्या आणि स्वतःचं डोकं चालवलं. तिचा हिशेब साधा होता. माणसाला पोहायला शिकवायचं तर पाण्याजवळ न्यावं, चहा पाजायचा तर चहाच्या मळ्यात न्यावं. जिकडे नजर जाईल तिकडे चहा! हवेत चहा, वाऱ्यात चहा! किती दिवस बशी घालतील?

घालत होत्या. टक्! टक्! आल्यापासून एकही कप वाचला नव्हता.

त्यातून तो बंगला. बंगल्याचं चित्र पाहिलं तेव्हा त्यात ऊन होतं, व्हरांडा होता, व्हरांड्यात हसणारी माणसं होती. प्रत्यक्षात तिथे ओल होती, आणि ओलीत आचारीकाका. मिठाची बाटली हलवली तर मीठ पडत नसे, काडी ओढली तर पेटत नसे, बिस्किटं मोडायची नाहीत, वाकायची! रात्री उशीवर डोकं ठेवलं की कुणीतरी गार हात गालाला लावल्यासारखं वाटे.

"काका, इथे ऊन कधी पडतं हो?" सूनबाईनं विचारलं.

"पडतं की," आचारीकाका दूरवर पाहत म्हणाले. "मागल्या साली पडलं होतं."

"आणि कपडे कसे वाळतात?"

"कोण म्हणालं वाळतात?"

ह्या प्रश्नावर सूनबाई हसली. पुढे हसू येणार नव्हतं.

आता टिकलीबद्दल सांगायला हवं. टिकली म्हणजे सूनबाईची लेक. अंगानं टिकलीएवढीच, पण आवाज देवळाच्या घंटेएवढा. आणि टिकलीचा म्हणून एक मफलर होता. तपकिरी, एका टोकाला झालर उसवलेला, लांबीला टिकलीच्या दुप्पट. तो आजोबांचा. त्याला आजोबांचा वास होता. कपाळाला रोज चोळायचा तो बाम, दाढेखाली धरलेली लवंग आणि घड्याळांना घालायचं बारीक तेल, ह्या तिन्हींचं मिळून जे काही होतं ते म्हणजे आजोबा. टिकली रात्री मफलरात नाक खुपसायची, एक लांब श्वास घ्यायची आणि "आहेत" असं म्हणून झोपी जायची. रोज खात्री करून घ्यायची, मगच डोळे मिटायची.

ज्या घरात बाहुल्यांनासुद्धा आंघोळ चुकत नव्हती, त्या घरात हा मफलर एकदाही धुतला गेला नव्हता. सूनबाईची हिंमतच झाली नाही. आणि खरं सांगायचं तर कपड्यांच्या घड्या घालताना, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून, तीही कधीकधी त्यात नाक खुपसायची. तिला स्वतःचे वडील आठवत नव्हते. जे काही वडील म्हणून तिच्या वाट्याला आले, ते ह्या वासाचे होते.

दुसऱ्या दिवशी मळ्याच्या मॅनेजरनी सगळ्यांना कारखाना दाखवायला नेलं. मॅनेजर म्हणजे भला माणूस, पण चहाविषयी बोलायला लागला की थांबायचा नाही. पानं कशी खुडतात, कशी सुकवतात, कशी वळतात, कशी भाजतात! नवरोबा यंत्रांचे फोटो काढण्यात गुंग, सासूबाई पदर नाकाशी धरून उभ्या. सूनबाई मात्र भट्टीच्या खोलीपाशी येऊन थांबली ती हलेचना. गरम! कोरडं! आल्यापासून पहिल्यांदा तिला आपल्या पायांना बोटं असल्याचं कळलं.

"आता एक गोष्ट," मॅनेजर बोट वर करून म्हणाले, "जी इथे पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकानं कायम लक्षात ठेवायची, ती म्हणजे..."

"आई, शू!" टिकली म्हणाली.

ह्या जगात आया कमी शिकलेल्या राहतात त्याचं कारण हेच आहे. महत्त्वाचं वाक्य सुरू झालं रे झालं, की कुणाला तरी शू लागते! सूनबाई टिकलीला उचलून धावली. परत आली तेव्हा मॅनेजर म्हणत होते, "...एवढं पाळलं की झालं!" सगळ्यांनी मान डोलावली. हिनंही डोलावली.

मधलं वाक्य काय होतं ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकायला हरकत नाही. मॅनेजर म्हणाले होते, की तयार चहा आसपासचा कसलाही वास ओढून घेतो. त्याच्याजवळ वासाची वस्तू म्हणून आणायची नाही.

बंगल्यावर परतल्यावर नवरोबांच्या अंगात शौर्य संचारलं. "झोपायच्या खोलीत शेकोटीची जागा आहे," ते म्हणाले, "मी पेटवतो. आईला जरा ऊब मिळेल."

"धुराडं पेटवलं नाही कुणी बऱ्याच दिवसांत," आचारीकाका म्हणाले.

"मग आज पेटवू!"

नवरोबांनी पेटवलं. धुराड्यात वर कुठल्याशा पाखरानं पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार थाटलेला होता, त्यामुळे धूर वर जाईना. तो खोलीत आला. आधी लाजत आला, मग घरच्यासारखा आला, आणि मग एवढा आला की पलंग दिसेना, पलंगावरच्या सासूबाई दिसेनात, फक्त त्यांचा खोकला दिसत होता म्हणा ना!

"खिडकी उघडा!"

"उघडत नाहीये! फुगलीये!"

"आई कुठेयत?"

"मी इथेच आहे," धुरातून सासूबाईंचा शांत आवाज आला. "मरत नाहीये मी इतक्यात. लेकराला बाहेर न्या."

आणि तेवढ्यात नवरोबांनी पाण्याची बादली उचलली, शेकोटीचा नेम धरला आणि ओतली. नेम त्यांचा शाळेपासूनच वाईट. शेकोटीजवळ चार थेंब पडले, बाकी सगळी बादली टिकलीच्या मांडीवर! टिकलीला काही झालं नाही. पण मांडीवर मफलर होता.

टिकलीनं मफलर दोन्ही हातांनी वर उचलला. त्यातून धार लागली होती. तिनं अशी किंकाळी फोडली की धुराड्यातलं पाखरू बिचारं घर सोडून गेलं.

"आजोबा बुडाले!"

कुणी हसलं नाही. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. नवरोबा रिकामी बादली हातात धरून तसेच उभे राहिले. धुरानं म्हणा, लाजेनं म्हणा, त्यांचं डोकं असं चढलं की शेवटी सासूबाईंनी आपल्या पिशवीतली बामची डबी काढून दिली. डबी सासऱ्यांचीच होती. त्यातलं थोडंसं उरलेलं नवरोबांनी कपाळाला फासलं.

आणि मफलर वाळवायचं काम सूनबाईकडे आलं. दोरीवर टाकला, तर धुक्यानं तो आणखी जड झाला. इस्त्री लावली, तर बंगल्यातली वीज गेली. आचारीकाका म्हणाले, चुलीवर धरा. सूनबाई किंचाळलीच, "चुलीवर? कांद्याचा वास लागेल त्याला! सगळं संपेल!"

मफलरला कशाचा वास लागेल ह्याचा ती बारकाईनं विचार करत होती. मफलरचा वास कशाला लागेल, हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

आणि मग तिला भट्टीची खोली आठवली.

दुपारची सुट्टी होती. कारखान्यात सामसूम. भट्टीच्या खोलीत ती शिरली, पण तिथे टांगायला काही नव्हतं. शेजारची खोली त्याहून छान होती. स्वच्छ, ऊबदार, मधोमध लांब टेबल आणि टेबलावर एक रुंद लाकडी ट्रे, त्यावर पातळ पांढरं कापड पसरलेलं. तिनं हात लावून पाहिला. आताच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखा गरम! तिनं मफलर घट्ट पिळला, त्यावर हळुवार पसरला, उसवलेली झालर सरळ केली आणि अगदी टिकलीला थोपटावं तसं थोपटून म्हणाली, "थोड्या वेळात नेते हं."

कापडाखाली त्या हंगामातला सगळ्यात चांगला चहा होता. भट्टीतून नुकताच निघालेला. मॅनेजरनी हातांनी निवडून, तळहातावर घेऊन, जवळजवळ अंगाई गाऊन ठेवलेला. उद्या शहरातून चहा चाखणारे साहेब यायचे होते, त्यांच्यासाठी.

थोड्या वेळानं सूनबाई परत गेली तर दाराला कुलूप! मॅनेजर त्या चाखणाऱ्या साहेबांना आणायला खाली गेलेले, किल्ली त्यांच्या खिशात. ती रात्र कशी गेली ते ज्यांना मुलं आहेत त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. टिकली पहाटे कधीतरी दमून बापाच्या खांद्यावर कलंडली, ती झोपेतही हुंदके देत होती.

सकाळी मॅनेजर स्वतः बोलवायला आले. "चला चला! चाखणं बघायचं असतं! आजी, तुम्हीसुद्धा चला! आज आमच्या चहाचा निकाल आहे. हा साहेबांना आवडला, तर मळा तरला म्हणायचा."

सासूबाई नको म्हणत होत्या. पण खोलीला अजून धुराचा वास येत होता, म्हणून आल्या.

आणि शिरताशिरताच सूनबाईचा जीव भांड्यात पडला. मफलर दारामागच्या खिळ्याला टांगलेला होता! सकाळी झाडायला आलेल्या बाईनं कुणाचा तरी म्हणून उचलून ठेवला असणार. वाळलेला, खुटखुटीत! तिनं तो झटकन काढला आणि शालीखाली दडवला. सुटलो! टिकली उठली की देऊ. कुणाला काही कळायला नको.

टेबलावर पांढऱ्या कपांची रांग होती. चाखणारे साहेब उंच, वाळकुडे आणि आख्ख्या जगाची बातमी वाईट आहे असा चेहरा असलेले. त्यांनी चमच्यात चहा घेतला आणि "सुर्र्र्र्!" असा आवाज केला, की तुंबलेली मोरी एकदम मोकळी व्हावी. मग तोंडात खुळखुळवून शेजारच्या पिंपात थुंकले.

"एवढा मोठा माणूस आणि थुंकतो काय!" सासूबाई कुजबुजल्या.

"त्यांचं कामच ते आहे, आई."

"घरी कोण ठेवून घेतं असल्याला?"

"बरा," साहेब म्हणाले. सुर्र्र्र्, पच्! "ठीक." सुर्र्र्र्, पच्! "चालेल." मॅनेजरचा चेहरा प्रत्येक कपाला उजळत होता. अखेर शेवटचा कप आला. खास चहा. मॅनेजरनी हात जोडले.

सुर्र्र्र्!

साहेब थुंकले नाहीत. त्यांनी डोळे मिटले.

"बाम," साहेब म्हणाले.

"काय?"

"डोकेदुखीचा बाम." त्यांनी आणखी एक चमचा घेतला. "आणि लवंग. आणि... थांबा. तेल. यंत्राचं, पण मोठ्या यंत्राचं नाही. बारीक कामाचं तेल."

मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. "भट्टी बंद करा! यंत्रं उघडा! तेल कुठून गळतंय बघा!" ते ओरडले, चार माणसं चार दिशांना धावली, कुठेतरी भोंगा वाजला. आणि मग मॅनेजरची नजर नवरोबांच्या कपाळावर गेली. ते अजून चकाकत होतं.

"तुम्ही!"

"मी?"

"मी बजावून सांगितलं होतं! चहा वास ओढतो! वासाची कुठलीही वस्तू आत आणायची नाही! सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या!"

सूनबाईनं शाल घट्ट आवळली. हे वाक्य! हेच ते वाक्य! शालीखाली मफलर एकाएकी निखाऱ्यासारखा झाला.

"अहो, पण मी कालपासून इकडे फिरकलोही नाही!" नवरोबा म्हणाले.

"लवंग खाल्लीत?"

"नाही!"

"आ करा!"

भल्या सकाळी, झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन, नवरोबांनी अनोळखी माणसांसमोर आ केला. साहेबांनी वाकून हुंगलं.

"हे नव्हेत," ते म्हणाले. "ह्यांच्या तोंडाला फक्त भीतीचा वास येतोय. ह्या चहातला माणूस वयस्कर आहे. बाम रोजचा, वर्षानुवर्षांचा. अंगावर लोकर. शांत माणूस असावा."

"असं कुणी नाही इथे!" मॅनेजर रडकुंडीला आले.

"आहे," साहेबांनी कपावर बोट वाजवलं. "ह्यात आहे."

तेव्हा सासूबाई उठल्या.

त्या टेबलापाशी आल्या, आणि कुणाला काही न विचारता त्यांनी तो कप उचलला. दोन्ही हातांनी. नाकाशी नेला. सूनबाईची नजर आपोआप टेबलावर बशी शोधू लागली, की आता पडणार! पण बशी नव्हतीच तिथे. सासूबाई बराच वेळ नुसत्या वास घेत राहिल्या. वाफेनं त्यांचा चष्मा धुरकटला, तो त्यांनी पुसला नाही.

मग त्यांनी घोट घेतला.

"आजी, थुंका! इकडे पिंपात!" मॅनेजर धावले. "बिघडलेला आहे तो!"

सासूबाईंनी गिळला. आणखी एक घोट घेतला. कप रिकामा केला.

"साखर घालायला विसरलेत," त्या म्हणाल्या.

"चाखायच्या चहात साखर नसते, आजी," साहेब म्हणाले.

"आमच्या ह्यांच्या चहातही नसायची." त्यांनी कप पुढे केला. "अजून आहे?"

नवरोबांचं आ केलेलं तोंड मिटलंच नव्हतं, ते तसंच राहिलं. सूनबाईनं शालीखालून मफलर काढला आणि टेबलावर ठेवला. बोलायचं बरंच ठरवलं होतं, पण तोंडून निघालं एवढंच, "तेव्हा तिला शू लागली होती हो!"

मॅनेजर स्टुलावर बसले. कितीतरी वेळ त्यांनी मफलरकडे पाहिलं, मग ट्रेकडे, मग पुन्हा मफलरकडे. रागवावं असं त्यांच्या मनात असावं, पण समोर सासूबाई दुसरा कप फुंकर घालून पीत होत्या. शेवटी ते थकून म्हणाले, "घेऊन जा. सगळा घेऊन जा. आत्ताच्या आत्ता! हा इथे राहिला तर बाकीच्या चहालाही तुमचे सासरे लागतील."

त्यांनी स्वतःच तो चहा एका पत्र्याच्या डब्यात भरला आणि झाकण दाबून दाबून बसवलं.

"विकायच्या लायकीचा नाही," साहेबांनी निर्णय दिला. मग जरा घुटमळून त्यांनी कप पुढे केला. "डबा बंद करायच्या आधी मला अर्धा कप द्या."

बाकीच्या चहांना त्यांनी बरे शेरे दिले असावेत, कारण मॅनेजरनी निरोपाला फाटकापर्यंत येण्याइतपत धीर धरला. भोंगा मात्र कुणालाच बंद करता येईना, तो वाजतच राहिला.

व्हरांड्यात परत आल्यावर सूनबाईनं नवऱ्याला कोपरखळी मारली. "जिंकले की नाही?"

"जिंकलीस," ते म्हणाले. "चहा सोडू नकोस फक्त."

सासूबाईंनी आचारीकाकांकडे त्या डब्यातला चहा आणि नाश्ता मागितला होता. मागितला! आचारीकाका इतके गोंधळले की त्यांनी होती ती सगळी वाकलेली बिस्किटं एकाच बशीत आणून ठेवली. सासूबाईंनी एक चहात बुडवलं. सूनबाईला वाटलं, आता ऊन पडलं तरी आश्चर्य नाही. तिनं बाहेर पाहिलं. धुकं तसंच होतं.

आणि टिकली जागी झाली.

"मफलर?"

"हा बघ! वाळला! अगदी छान, मऊ!" सूनबाईनं तो तिच्या गळ्यात घातला.

टिकलीनं नाक खुपसलं. लांब श्वास घेतला. तिनं मफलर फिरवला, दुसरं टोक धरलं, तिथेही श्वास घेतला. मग मधोमध. मग उसवलेल्या झालरीपाशी, जिथे आजोबा सगळ्यात जास्त होते.

"नाहीत," ती म्हणाली.

सूनबाईनं मफलर ओढून घेतला. तिनं नाक लावलं. चहा. हंगामातल्या सगळ्यात चांगल्या चहाचा सुंदर, ताजा वास. बाम नाही, लवंग नाही, तेल नाही. कुठेच नाही. तिनं पुन्हा पाहिलं, पुन्हा, आणि मग लेकीला दिसू नये म्हणून तोंड मफलरातच ठेवलं.

"ये इकडे," सासूबाईंनी हाक मारली. त्यांनी टिकलीला मांडीवर घेतलं आणि आपला कप तिच्या नाकाशी धरला. "हं. आता बघ."

टिकलीनं श्वास घेतला. तिचा चेहरा हळूहळू उलगडला.

"आहेत!"

"आहेत ना? मग?"

"आजी, तू आजोबा पितेस?"

"तुझ्या आईनं केलेत," सासूबाई म्हणाल्या, आणि हसल्या. खरंखुरं हसल्या. टिकलीही हसली, नवरोबाही हसले. क्षणभर ते सगळं त्या चित्रातल्या व्हरांड्यासारखं झालं.

टिकलीनं डबा मांडीवर ओढला. झाकणावर कान ठेवून पाहिला. हलवून पाहिला. आत सर्र असा आवाज झाला. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे डबा गच्च भरलेला नव्हता. तिनं सासूबाईंच्या आता रिकाम्या झालेल्या कपात डोकावलं. तळाशी चार पानं चिकटलेली होती.

नवरोबा मान फिरवून धुक्याकडे बघू लागले. सासूबाईंनी कप हळूच खाली ठेवला, बशीत.

आकाश निळं का असतं, मुंग्या कुठे राहतात, गोगलगायीला पाय का नाहीत, ह्या सगळ्यांची उत्तरं टिकलीला आजवर आईकडूनच मिळाली होती. म्हणून तिनं आजीकडे पाहिलं नाही, बाबांकडे पाहिलं नाही. डबा छातीशी धरून ती थेट आईकडे वळली.

"आई, हा चहा संपला की मग आजोबा कशात जाणार?"